‘आम्ही’ की ‘आपण’? सातवीच्या वर्गाने लिहिलेली उद्देशिका

“मॅडम, ‘आम्ही, भारताचे लोक’ म्हंजी नेमकं कोण? मी तर कुठं सही केली न्हाई.”

जुलैचा दुसरा आठवडा होता. सातवीच्या नागरिकशास्त्रात दुसरा धडा संविधानाच्या उद्देशिकेचा आहे. दरवर्षी तो शिकवताना मी सार्वभौम, गणराज्य, धर्मनिरपेक्ष हे जड शब्द एकेक करून उलगडत जाते. ‘आम्ही’पाशी मी कधीच थांबले नव्हते. सोपा शब्द आहे, मुलांना कळतोच, असं धरून चालले होते. शेवटच्या रांगेतल्या त्या मुलाने नेमकं त्याच्यावर बोट ठेवलं.

आमची जिल्हा परिषदेची शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात आहे. सातवीत ३१ मुलं. निम्म्याहून जास्त घरांत मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते आणि दसरा-दिवाळी झाली की आईवडील कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. काही मुलं आजीआजोबांजवळ राहतात, काही हंगामी वसतिगृहात. पण दरवर्षी आठ-नऊ मुलं आईबापाबरोबर जातातच, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, त्यांची जागा रिकामी राहते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सगळं याच्याशी येऊन भिडलं.

वर्गाचं ध्येयवाक्य लिहायचा प्रयत्न मी आदल्या वर्षीही केला होता. एका प्रशिक्षणात तो उपक्रम सांगितला होता. मी फळ्यावर ‘शिस्त, आदर, सहकार्य, सर्वांगीण विकास’ असे शब्द लिहिले, मुलांनी त्यांतून एक वाक्य जुळवलं, आम्ही ते रंगीत कागदावर लिहून भिंतीला लावलं. तासाभरात काम झालं. पंधरा दिवसांनी मी विचारलं, “सर्वांगीण विकास म्हणजे काय रे?” सगळा वर्ग खाली बघत बसला. वाक्य मुलांच्या अक्षरात होतं, पण त्यातला एकही शब्द त्यांचा नव्हता. तो कागद मी स्वतःच काढला.

म्हणून यावेळी त्या मुलाच्या प्रश्नाला लगेच उत्तर दिलं नाही. उलट विचारलं, “देशाचं नंतर बघू. या वर्गाची उद्देशिका लिहायची झाली तर त्यात काय येईल? आणि सही कोण कोण करेल?” वर्ग एकदम जागा झाला. सगळे एकदम बोलायला लागले तेव्हा मी त्यांना थांबवलं. आपल्या वर्गात जे मोठ्याने बोलतात ते सात-आठ जण ठरलेले आहेत, बाकीचे त्यांच्या मागे ‘हो’ म्हणतात. तोंडी सुरुवात केली असती तर ती सात जणांचीच उद्देशिका झाली असती.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला वहीचा अर्धा-अर्धा कागद दिला. दोन प्रश्न: या वर्गात तुला कधी खूप बरं वाटलं? आणि कधी असं झालं की दुसऱ्या दिवशी शाळेत यावंसंच वाटलं नाही? नाव लिहायचं नाही, शुद्धलेखन बघणार नाही. चिठ्ठ्या बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात टाकायच्या. मी त्या घरी नेल्या आणि रात्री स्वयंपाक उरकल्यावर वाचायला बसले.

बरं वाटल्याच्या गोष्टी लहान लहान होत्या. ‘मी आजारी होते तेव्हा तिने माझा गृहपाठ उतरून आणला.’ ‘गणित आलं तेव्हा सर्वांनी टाळ्या वाजवल्या.’ ‘मॅडमनी मपलं चित्र भिंतीला लावलं.’ दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं मात्र लांब होती. नऊ चिठ्ठ्यांत एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत होती: मोठ्याने वाचताना अडखळलो आणि सगळे हसले. चार मुलींनी लिहिलं होतं की वर्ग आम्हीच झाडतो, मुलं नुसती बाक सरकवतात. एकाने लिहिलं होतं, ‘दिवाळीनंतर आलो की मला काहीच कळत नाही, म्हणून मी मागे बसतो.’

आणि एका चिठ्ठीवर, पेन्सिलीने, अगदी बारीक अक्षरात: ‘मॅडम म्हणल्या तुला एवढं पण येत नाही का.’

मी छडी वापरत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमात शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही बंदी आहे, हे मला पाठ आहे. पालकसभेत मी ते सांगतेही. आणि हे वाक्य माझ्या तोंडून कधी गेलं, कुणाला उद्देशून गेलं, ते मला आठवतसुद्धा नव्हतं. ती चिठ्ठी बाजूला काढून ठेवावी असा विचार क्षणभर मनात आला. पण डब्यातली एक चिठ्ठी मी लपवली असती तर पुढच्या कामाला काही अर्थ राहिला नसता. सकाळी मी सगळ्या चिठ्ठ्या वाचून दाखवल्या, तीही वाचली. वर्ग गप्प झाला. मी म्हणाले, “हे मी बोलले असेन. ज्याला बोलले त्याची मी माफी मागते.” कुणी मान वर केली नाही, आणि ते मूल कोण हे मी आजतागायत शोधलेलं नाही.

त्यानंतर सहा गट केले. प्रत्येक गटाने चिठ्ठ्यांमधून तीन गोष्टी निवडायच्या आणि त्यांची वाक्यं करायची. पहिल्या फेरीत पुन्हा तेच पुस्तकी शब्द आले. ‘आम्ही एकमेकांचा आदर करू.’ ‘आम्ही मिळूनमिसळून राहू.’ मुलांचा यात दोष नाही. फळ्यावर, भाषणांत, निबंधांत त्यांनी हेच ऐकलेलं असतं. मग मी एक कसोटी सुचवली. एखादा अनोळखी माणूस खिडकीबाहेर उभा राहून दिवसभर आपला वर्ग बघतोय असं समजा. तुमचं वाक्य त्याला डोळ्यांनी दिसेल का? ‘आदर’ दिसेल का?

“न्हाई दिसणार,” एक जण म्हणाला.

“मग काय दिसेल?”

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग खिडकीजवळ बसणारी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी मुलगी म्हणाली, “वाचताना कुणी आडलं तर बाकीचे थांबलेले दिसतील.”

तिथून काम रुळावर आलं. आदर, प्रेम, एकता हे शब्द एकेक करून गळाले आणि त्यांच्या जागी क्रियापदं आली: थांबू, सांगू, वाटून घेऊ, म्हणू. झाडलोटीचा मुद्दा आला तेव्हा मुलं बरीच अडून बसली. “आम्ही पाण्याचे हंडे आणतो की,” त्यांचं म्हणणं. मुलींनी फळ्यावर आठवड्याचा हिशेब मांडला: झाडणं रोज, दोनदा, पाणी रोज, एकदा, बाक सरकवणं शनिवारी. हिशेब समोर आल्यावर वाद फार चालला नाही. घरी मात्र चालला. एका मुलाची आजी तिसऱ्या दिवशी शाळेत आली आणि म्हणाली, “मॅडम, पोराच्या हातात झाडू दिला म्हणं?” मी तिला वर्गात बसवलं, पोरांनीच समजावलं. ती हसत गेली. पटलं की नाही, सांगता येत नाही.

एका वाक्यावर तर दोन तासिका गेल्या. चिठ्ठ्यांमध्ये सगळ्यांत जास्त वेळा आलेलं हसणं. पहिला मसुदा होता, ‘वर्गात कोणीही हसणार नाही.’ यावर सगळ्यांत जास्त हसणारा मुलगा उभा राहिला. “मंग शाळंत कशापायी यायचं?” त्याचं खरंच होतं. हसण्याशिवायचा वर्ग मलाही नको. मग ‘चांगलं हसणं’ आणि ‘वाईट हसणं’ असा फरक करायचा प्रयत्न झाला, तो जमेना. शेवटी त्यानेच तोडगा काढला: “संगं हसू. कुणाला हसणार न्हाई.” ‘संगं’चं ‘सोबत’ करावं आणि ‘न्हाई’चं ‘नाही’, असं पुढच्या बाकावरच्या मुलींनी सुचवलं. मी काही बोलायच्या आत तिघं-चौघं एकदम म्हणाले, “न्हाई मॅडम, तसंच ऱ्हाऊ द्या.” तसंच राहिलं.

मग तो पहिला शब्द आला, ज्याच्यावरून हे सगळं सुरू झालं होतं. सगळ्या गटांची वाक्यं ‘आम्ही’ने सुरू होत होती. आम्ही थांबू, आम्ही सांगू. मी फळ्यावर तीन शब्द लिहिले. रोज परिपाठात आपण प्रतिज्ञा म्हणतो, ‘भारत माझा देश आहे’, तिथे प्रत्येकाचा ‘मी’ आहे. उद्देशिकेत ‘आम्ही’ आहे. आणि आपल्या भाषेत तिसराही एक शब्द आहे, ‘आपण’. तिन्हींत फरक काय?

मला वाटलं होतं हे पाच मिनिटांत उरकेल. एक मुलगी म्हणाली, “आमच्या घरी जेवण झालं, असं म्हणलं तर समोरच्याला ताट न्हाई. आपण जेवू म्हणलं तर त्याला पण ताट वाढायचं.” इतक्या वर्षांत व्याकरण शिकवताना मला हे इतकं नेमकं सांगता आलेलं नाही. ‘आम्ही’त ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’मध्ये तो आत येतो. भिंतीवर ‘आम्ही’ लिहिलं तर ते कुणाला सांगतोय? बाहेरून येणाऱ्या साहेबांना? आणि ऑगस्टमध्ये नवीन दाखल झालेलं पोर ते वाचेल तेव्हा त्याला काय वाटेल? ‘आपण’कडे जवळजवळ सगळे वळले.

पण सही न केलेला तो मुलगा तयार नव्हता. “‘आपण’ तर मॅडम म्हणत्यात. आपण आता वह्या काढू या. आपण शांत बसू या. मॅडम कुठं वही काढत्यात?”

शिक्षकांच्या तोंडचं ‘आपण’ म्हणजे ‘तुम्ही’, हे त्याने अचूक पकडलं होतं. मी त्याला विचारलं, मग काय केलं तर चालेल? तो म्हणाला, “आपण म्हणायचं आसंल तर मॅडमनी पण करायचं. आन् तसं लिहायचं.” त्या पेन्सिलीच्या चिठ्ठीचं वाक्य उद्देशिकेत आलं ते असं. ‘मॅडमसुद्धा’ हा शब्द मुलांनी घातला आणि त्याखाली एक रेघ ओढली.

मतभेद झाले की काय करायचं, हाही प्रश्न मधे उभा राहिला. मुलांना झटपट हात वर करून मोकळं व्हायची घाई होती. तेव्हा मी त्यांना घटना समितीतली एक गोष्ट सांगितली. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी उद्देशिकेवर चर्चा सुरू होती. हरि विष्णू कामत यांनी सुरुवातीला ‘ईश्वराच्या नावाने’ असे शब्द घालावेत अशी दुरुस्ती मांडली. हृदयनाथ कुंझरू यांनी विरोध केला: श्रद्धेचं स्वातंत्र्य देणाऱ्या उद्देशिकेत सगळ्यांच्या वतीने एक श्रद्धा लिहिणं त्यांना विसंगत वाटत होतं. शेवटी मतं मोजली गेली. दुरुस्तीच्या बाजूने ४१, विरुद्ध ६८. म्हणून आज आपल्या उद्देशिकेची सुरुवात लोकांपासून होते.

मला वाटलं होतं मुलं ६८ वर बोलतील. एकीने विचारलं, “मग त्या ४१ जणांचं काय झालं?” मी सांगितलं की तेही ‘आम्ही’तच राहिले, संविधान त्यांचंही झालं. ती म्हणाली, “देश मोठा असतो म्हणून मोजावं लागतं. आपण ३१ जण तर आहोत.” मग वर्गाने आपला नियम केला: मतं मोजायची नाहीत. एखादं वाक्य कुणाला अजिबात चालणार नसेल तर त्याने उठून तसं सांगायचं, पण नुसतं ‘नको’ म्हणून खाली बसायचं नाही. बदली वाक्य द्यायचं. यात वेळ फार गेला. सगळं मिळून अकरा तासिका लागल्या, त्यातल्या काही मी भाषेच्या तासातून घेतल्या, आणि घटक चाचणी जवळ आली तेव्हा माझाही धीर सुटत होता. तरी मला वाटतं, ज्याला घाई आहे त्याने हे काम हातीच घेऊ नये.

शेवटचं वाक्य सगळ्यांत शेवटी आलं, जवळजवळ राहूनच जाणार होतं. उद्देशिका वाचून झाली, सगळ्यांच्या माना हलल्या. मी विचारलं, कुणी बाहेर राहिलंय का? मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. “मी तर दिवाळीनंतर हितं नसतेच. मग हे माझं कसं?” ती दरवर्षी आईवडिलांबरोबर जाते. आई ऊस तोडते, ती कोपीपाशी, म्हणजे तळावरच्या झोपडीपाशी, धाकट्या भावाला सांभाळते. जाईल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून दिलेलं शाळेचं शिक्षण हमी कार्ड तिच्याजवळ असतं, पण कारखान्याच्या तळापासून शाळा किती लांब आणि भावाला कुणाजवळ ठेवायचं, हे त्या कार्डावर लिहिलेलं नसतं. वर्गात अशी एकूण नऊ मुलं होती. दिवाळीनंतर ‘आपण’ म्हणजे २२ की ३१, हे त्या दिवशी ठरवावं लागलं.

स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी कार्डशीटवर जे उतरलं ते असं होतं:

सातवीचा वर्ग. आपण,
वाचताना कुणी अडलं तर थांबू. संगं हसू. कुणाला हसणार न्हाई.
येत नसेल तर ‘येत नाही’ असं मोठ्याने म्हणू. ते ऐकून कुणीही, मॅडमसुद्धा, ‘एवढं पण येत नाही का’ म्हणणार नाही.
ज्याला येतं तो दुसऱ्याला समजावून सांगेल. नुसतं उत्तर बघून लिहू देणार नाही.
झाडणं, पाणी आणि फळा सगळे सारखं वाटून घेऊ.
जो ऊसतोडीला गेला तो वर्गातून गेला नाही. त्याची वही आपण भरून ठेवू.

खाली ३१ सह्या आणि बत्तिसावी माझी. ज्याने पहिल्या दिवशी ‘मी सही केली न्हाई’ म्हटलं होतं त्याने सगळ्यांत मोठी सही ठोकली.

मुख्याध्यापक सरांना ते फार आवडलं. त्यांनी मनापासून सुचवलं की ऑइलपेंटने बाहेरच्या भिंतीवर रंगवून घेऊ, खर्च मी करतो. मुलं नको म्हणाली. धड्यातच त्यांनी वाचलं होतं की १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीने ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द उद्देशिकेत नंतर आले. “आपल्याला पण नंतर घालावं लागलं तर? ऑइलपेंट खोडता येत न्हाई.” म्हणून कार्डशीटच्या तळाशी दोन ओळी कोऱ्या ठेवल्या आणि ते वर्गातच, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावलं.

ती रोज परिपाठात सामूहिक म्हणायची नाही, हे मी ठरवलं. रोज म्हटलेलं तोंडाला पाठ होतं आणि कानाला ऐकू यायचं बंद होतं. त्याऐवजी शनिवारी, सकाळच्या शाळेत, सुटायच्या आधी पंधरा मिनिटं एकच वाक्य घ्यायचो. या आठवड्यात हे झालं का? कुठे झालं नाही? दोनदा माझं नाव निघालं. एकदा मी तेच वाक्य वेगळ्या शब्दांत बोलले होते, ‘अरे, पाचवीतलं आहे हे’. मुलं म्हणाली, “मॅडम, अर्थ तोच झाला.” मी हात जोडले.

दिवाळीनंतर नऊ जागा रिकाम्या झाल्या. नऊ वह्या कपाटात एका कप्प्यात ठेवल्या आणि कोणी कुणाची भरायची ते वाटून घेतलं. नोव्हेंबर-डिसेंबर जोरात गेला. जानेवारीत स्नेहसंमेलनाची तयारी सुरू झाली आणि दोन आठवडे वह्या कुणी उघडल्याच नाहीत. शनिवारी विषय निघाला तेव्हा सगळ्यांची तोंडं उतरली. विज्ञानाच्या आकृत्या काढायचा कंटाळा केलेला होता. एका वहीत भूगोलाचे तीन धडेच नव्हते. आठ दिवस मधल्या सुट्टीत बसून त्यांनी बरंचसं भरून काढलं, सगळं नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती मागच्या रांगेतली मुलगी परत आली. चेहरा उन्हाने रापलेला, मनगटावर पाचटाने कापल्याच्या बारीक रेघा. मैत्रिणींनी धावत जाऊन तिची वही आणली आणि तिच्यासमोर ठेवली. ती एकेक पान उलटत गेली. वेगवेगळी अक्षरं, निळी शाई, काळी शाई, मधेच कुणीतरी कोपऱ्यात काढलेलं फूल. खूप वेळ बघत बसली. मला वाटलं ती आनंदली असेल, आणि ती होतीही. पण तासाच्या शेवटी ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, “मॅडम, वही भरलीय. पण मला वाचून कळंना गेलंय.”

तिला मी म्हटलं, हे मला सांगू नकोस, शनिवारी वर्गाला सांग. तिने सांगितलं. आधी वर्ग थोडा हिरमुसला. चार महिने लिहिलेलं होतं. मग नियमाप्रमाणे तिला विचारलं गेलं, बदली वाक्य काय? तिने बाकावर चढून कार्डशीटच्या पहिल्या कोऱ्या ओळीत पेन्सिलीने लिहिलं: ‘आणि आल्यावर संगं बसून सांगू.’ ‘संगं’वरचा अनुस्वार आधी राहिला होता, तो कुणीतरी खालून ओरडून सांगितला.

सोमवारपासून मधली सुट्टी संपायच्या आधी अर्धा तास, व्हरांड्यात जोड्या बसायला लागल्या. तिची जोडी खिडकीजवळच्या त्या न बोलणाऱ्या मुलीशी लागली. पहिल्या दिवशी त्यांनी भूगोलाची वही उघडली.